मांडीवरची पिशवी

३ जून २०२४, वरठी
आले एकदाची! पेशीपेढीत तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले. खोली स्टेशनजवळच मिळाली. घरमालकीण पुष्पाबाईंनी पहिल्याच दिवशी वांग्याची भाजी पाठवून मला विकत घेतलं. काम आवडीचं. बाळाच्या नाळेच्या रक्तात नवं रक्त घडवणाऱ्या पेशी असतात, त्या आम्ही गोठवून ठेवतो. बर्फाने त्या फुटू नयेत म्हणून डीएमएसओ नावाचं औषध मिसळायचं. मोठं लहरी औषध! थंडीत पेशींना राखतं, उबेत त्यांनाच मारतं. म्हणून मिसळलं की दहा मिनिटांत गोठवायचं.

१९ जून
एकोडीहून अतुल, त्याची आई मंगलाबाई आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी प्रतिक्षा आली. पोरीला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. कालच जन्मलेल्या बहिणीचं नाळेचं रक्त तिला जुळलंय. औषध मिसळून झालं होतं. मंगलाबाई म्हणाल्या, लेकरू घरात आलं का आमी सगळ्यायच्या मांडीवर देतो, हेही आमचंच लेकरू हाय. माझ्याने नाही म्हणवेना. पेशींची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर फिरली. प्रतिक्षाने तर ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली, सोडेचना. अर्धा तास गेला. नोंदीत मी दहा मिनिटं लिहिली.

८ ऑक्टोबर
प्रतिक्षावर उपचार करणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, गोठवायला उशीर झाला होता का. नाही म्हणाले. नमुन्याची कुपी बर्फातच होती, त्यामुळे तपासणी उत्तम आली. उबेत फक्त पिशवी होती, हे मलाच ठाऊक. उद्यापासून नव्या पेशींना जागा करायला प्रतिक्षाची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी मारतील. मग माघार नाही. दोनदा फोन उचलला. नोकरी जाईल म्हणून ठेवला. भित्री आहे मी.

२१ ऑक्टोबर
प्रतिक्षाला पेशी दिल्या. मंगलाबाईंचा फोन आला, पोरीच्या तोंडाले लसणाचा वास येऊन राहिला म्हणाल्या. पेशींत मिसळलेल्या डीएमएसओचा आहे, दोन दिवसांत जाईल, असं समजावलं.

१६ नोव्हेंबर
पेशी रुजल्याच नाहीत. आज सकाळी प्रतिक्षा गेली.
मी मारलं तिला.
पुष्पाबाई विचारतात, लसूण खाल्ला काय. दोन दिवस मी काहीच खाल्लेलं नाही.

२० नोव्हेंबर
गोठवलेल्या पेशींच्या टाकीच्या झाकणावर हिम जमलं होतं. त्यात दोन पंजांचे ठसे. लहान. पुसले. परत वळून पाहिलं तर —

२३ नोव्हेंबर
मांडी गार पडलीये. उन्हात बसले तरी. पिशवीएवढीच जागा. आणि हा वास — माझ्याच श्वासाला —

२६ नोव्हेंबर, दुपार
अतुल आणि मंगलाबाई आलेत, बाळाला घेऊन. सांगायला गेले, शब्द फुटेना. म्हणून इथे लिहितेय, वही अतुलच्या हातात देईन. मंगलाबाई म्हणतात, पोरी, तू आमच्यासाठी एवढं केलं, तुह्या मांडीवर लेकरू द्याचं राहिलंच. मानेने नको म्हटलं. ठेवलंच.
बाळ हसतंय. दोन्ही हातांनी धरलंय मला, सोडत नाही.
तिच्या तोंडाला लसणाचा —
अतुल, उचल तिला. माझी मांडी गार आहे, बाळ गार पडतंय, उचल, मी —