विहिरीच्या फलकावरची वेलांटी

३ फेब्रु.
मिळालं! रस्त्याकडेच्या इतिहास-फलकांचं काम मलाच मिळालं. दारव्हा रोडवरची सात गावं, सात फलक, पत्र्यावर, हाताने. फ्लेक्स नको, असं गुरुजीच सभेत बोलले. (फलक समितीचे अध्यक्ष. चौथीत मी यांच्याच हाताखाली होतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की कान!) फ्लेक्सवाल्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.
पहिला फलक आपल्याच फाट्यावर. गावविहिरीचा.

५ फेब्रु.
पत्र्याला रेड ऑक्साईड मारलं. मजकूर आला, गुरुजींच्या अक्षरात, खाली सह्या. मधली ओळ: 'या विहिरीचे पाणी बौद्ध महिलांना प्रथम दिले.'
म्हणजे आमच्या बौद्धपुऱ्यातल्याच बाया! पाच जणी होत्या, त्यातली आत्या तेवढी उरली. आमची आत्या, डांबरी रोडवर, ऑइल पेंटात! आनंदाच्या भरात ब्रश थिनरऐवजी चहात बुडवला.

८ फेब्रु.
आत्याकडे जाऊन आलो. तूर पाखडत होती. मजकूर वाचून दाखवला, म्हटलं खूश होईल. सूप खाली ठेवलं तिने.
"कोनं देल्लं?"
"गावानं असंन."
"नाव सांग नं. मले तं देनारा कोनी दिसला नाई. माय नागपूरहून दीक्षा घेऊन आली अन् मंग आमी पाच जनी गेलो. त्याईनं दोर कापला. मायनं लुगड्याले गाठी मारल्या अन् बादली सोडली. घेतलं आमी."
निघताना म्हणाली, "मी येतो पाह्यले. मले वाचता नाई येत, तू बोट ठेवून सांगजो. पन खोटं असंन तं नोको सांगू."
लुगड्याची गोष्ट इतक्या वर्षांत मला कोणी सांगितली नव्हती. मीही कधी विचारलं नाही, गाढव.

९ फेब्रु.
गुरुजींच्या घरी. म्हटलं, 'ना'चा 'नी' करू, 'दिले'चं 'घेतले'. बस, बाकी सगळं तेच.
त्यांनी चहा दिला. "रमेश, एवढं वाक्य मंजूर करून घ्यायलाच माझा घाम निघाला. आता उकरून काढलं तर बाकीचे सहा फलक फ्लेक्सवाल्याकडं जातील. ते काही माझ्या हातात नाही."
"पण खरं काय ते?"
"चहा निवतो आहे," म्हणाले.
चिडलो. चहा मात्र प्यायलो.

१२ फेब्रु.
सगळं रंगवून झालं, दोन जागा सोडून. 'महिलां'च्या पुढे एक अक्षर आणि शेवटचा शब्द. सहा फलक गेले तर पुन्हा नंबरप्लेटाच रंगवत बसावं लागेल.
'घेतले'ला 'दिले'पेक्षा एक अक्षर जास्त लागतं. फूटपट्टी लावून पाहिली. परवा खडूच्या रेघा मारताना मी जागा तीन अक्षरांचीच सोडली आहे. कधी ठरवलं मी हे?

१४ फेब्रु.
लिहिलं. महिलांनी. घेतले.
'घे'ची मात्रा आयुष्यात इतकी सरळ आली नव्हती. दुकानाबाहेर जाऊन, रस्ता ओलांडून, पलीकडून वाचून आलो. तीनदा. फार म्हणजे फार बरं वाटलं. मग सहा फलक आठवले.

१५ फेब्रु.
संध्याकाळी गुरुजी दुकानात. न सांगता. चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचायला लागले. मधल्या ओळीवर बोट थांबलं. माझा हात आपोआप कानावर गेला.
"विहिरीचे. हि ऱ्हस्व. विहीर एकटी असली की दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व. किती वर्षं सांगू तुला?"
पाहतो तर मी 'विहीरीचे' रंगवलेलं! कागदावर बरोबर होतं.
मग ती ओळ त्यांनी शेवटपर्यंत वाचली. पुन्हा एकदा वाचली. चष्मा खिशात ठेवला.
"उद्या अकराला अनावरण. आत्याबाईंना पुढं बसव."
गेले.

१६ फेब्रु.
सकाळीच 'हि' ऱ्हस्व केली. फलक फाट्यावर उभा आहे, वरून कापड. तिथेच बसून हे लिहितोय. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.
तीन शब्द अलीकडची वेलांटी ज्यांना दिसते, त्यांना 'नी'ची वेलांटी दिसली नसेल? विचारायची हिंमत झाली नाही. ते अजून आले नाहीत.
समितीचे दोघं आले. "मंजूर झालं तसंच हाय नं, पेंटर?"
"गुरुजींनी तपासलं," म्हणालो. खोटं कुठे आहे यात?
आत्या पांढरं पातळ नेसून आली आहे. थांबायला तयार नाही. कापडाखाली हात घातला, "माहं कुठं हाय?" तिचं बोट धरून शेवटच्या शब्दावर टेकवलं आणि कानात वाचून दाखवलं.
बोट तिथून काढेचना. "वाळलं का रे?"
"वाळलं, आत्या."
"मंग आता पुसाले त्याईले मेहनत लागंन."
रोडवरून गुरुजींची स्कूटर येताना दिसतेय. अकराला पाच कमी.