डोळ्यांपर्यंतचं बाशिंग

॥ श्री ॥
अंबरनाथ, ता. २४ फेब्रुवारी १९५५

ती. सौ. पद्मजाताईस,
वृंदाचा सा. न. वि. वि.

ज्या दोघांनी एकमेकांना आधी पाहिलेलं आहे, त्यांच्यामध्ये अंतरपाट कशाला धरायचा? ताई, हा प्रश्न माझा नाही. उल्हासनगरच्या शाळेत माझ्या वर्गातल्या पोपटीनं तो विचारला आणि तिच्या बी. ए. झालेल्या बाईंना उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

झालं असं, की पोपटीच्या बहिणीच्या लग्नाला मी गेले होते. सिंधमधून आल्यापासून ही मंडळी लष्कराच्या जुन्या बराकीत राहतात. एकेका बराकीत दहा-बारा बिऱ्हाडं, मध्ये गोणपाटाचे पडदे. नवरीच्या तोंडावर हनुवटीच्याही खाली येणारी लाल जरीची ओढणी होती. ती ओढणी कोण्या एकीनं येताना ट्रंकेत घालून आणली आणि तेव्हापासून बराकीतल्या सगळ्या मुलींची लग्नं तिच्यातच लागतात, ही अकरावी. मी कौतुकानं नवरीजवळ जाऊन बसले, तर आतून घोरण्याचा आवाज! दोन रात्रींच्या जागरणानं बिचारी बसल्याबसल्या झोपली होती आणि बाया तिच्याभोवती गाणी म्हणत होत्या. मला धक्काच बसला. एवढ्या माणसांत त्या एका माणसाकडे कोणी पाहतच नव्हतं.

सोमवारी मी वर्गात तोंड झाकण्याविरुद्ध मोठं भाषण केलं. आमच्यात असलं काही नाही, असंही सांगितलं. तेव्हा पोपटीनं अंतरपाटाचं विचारलं.

आता शाळेच्या हस्तलिखितात मी या विषयावर लेख लिहिणार आहे. तुझ्या सासरी काय काय चाली आहेत ते कळव. बनूचं लग्न तोंडावर आलंय, म्हणजे सगळ्यांना सगळं आठवत असेल.

आमचे हरिचंद्र मास्तर गणिताच्या तासालाही हसायला लागलेत. त्यांना तुझ्या नणंदेचं, बनूचं स्थळ मी सुचवलं म्हणून शिक्षकांच्या खोलीत माझा मान वाढला आहे. परवा त्यांचे वडील येऊन गेले. आणखी काही विचारायचं आहे का म्हटलं, तर म्हणाले, तुम्ही शिकलेल्या, मुलगी तुमच्या घरातली. ती निर्व्यंग आहे असं तुम्ही म्हणालात, एवढं आम्हाला पुरे. मी पुन्हा एकदा छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

मधूभावजींना नमस्कार. लोभ आहेच, त्यात माझ्या अडाणी प्रश्नांमुळे तूट येऊ देऊ नकोस.

तुझी,
वृंदा


॥ श्री ॥
बदलापूर, ता. १ मार्च १९५५

चि. वृंदा हिस,
पद्मजाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पावलं. एवढं शिकून तुला अंतरपाट कळेना, म्हणून सासूबाई पोट धरून हसल्या. त्या म्हणतात, मुहूर्ताची घटका भरेपर्यंत दृष्टादृष्ट होऊ द्यायची नाही. नवी नजर शुभ वेळेवरच पडली पाहिजे. पूर्वी खरोखरच कोणी कोणाला पाहिलेलं नसे. सासूबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं. कापड खाली आलं तेव्हा त्यांना समोर मामंजींचं फक्त उपरणं दिसलं. तोंड पाहायला मान इतकी मागे न्यावी लागली, की मुंडावळ्याच सुटल्या. आता बघण्याचे कार्यक्रम होतात, पण कापड राहिलं. घाल हे तुझ्या लेखात.

आमच्याकडची आणखी एक चाल आहे. नवरीला बाशिंग मोठं बांधतात, पार डोळ्यांपर्यंत, खाली मण्यांची झालर. तीन पिढ्यांची रीत आहे. लग्न गोरज मुहूर्तावर, दिवस मावळताना. फोटो काढायचा नाही, तेही आमच्यात चालत नाही. हरिचंद्ररावांना हे आधीच सांगून ठेव, म्हणजे मांडवात कोणी बोलायला नको. तू सांगितलंस की ते ऐकतात.

बनूवन्सं बऱ्या आहेत. ऊन सोसत नाही म्हणून बाहेर पडत नाहीत. तू त्यांना मुद्दाम भेटायला येऊ नकोस, लग्नघरात उगाच धावपळ होते.

माईमावशीला व अण्णांना साष्टांग नमस्कार. माया आहे ती तशीच ठेव.

तुझी,
पद्मजा


॥ श्री ॥
अंबरनाथ, ता. ६ मार्च १९५५

ती. सौ. पद्मजाताईस,
वृंदाचा नमस्कार.

क्षेमकुशल विचारायचं आज सुचत नाही, रागावू नकोस.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आनंदानं उडालेच. बाशिंगाची चाल त्याच दिवशी हरिचंद्र मास्तरांना सांगितली. ते म्हणाले, तुमच्या ताईंच्या घरची रीत म्हणजे आम्हाला मान्य. लेख लिहायलाही घेतला. काल दुपारी चालीचं वर्णन करताना सहज मान वर केली, तर समोर भिंतीवर तुझ्या लग्नाचा फोटो. तुमच्याच मांडवातला, सहा वर्षांपूर्वीचा. तुझ्या कपाळाला मुंडावळ्या, मधूभावजींच्या कपाळाला मुंडावळ्या. बाशिंग नाही. आणि फोटो तर चालतच नाही ना तुमच्यात?

मी स्वयंपाकघरात जाऊन माईला विचारलं. तिनं लाटणं खाली ठेवलं, दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. बनूच्या कपाळावर कोड आहे. डाव्या भुवईवरून पापणीपर्यंत उतरलं आहे. तुला माहीत, माईला माहीत, अण्णांनाही माहीत. माहीत नाही फक्त मला आणि ज्याच्याशी लग्न लागणार त्याला.

माई शांतपणे म्हणाली, घरात एवढी शिकलेली मुलगी आहे, तिचा शब्द लोक मानतात, तो शब्द घरच्या मुलीच्या कामी आला तर कुठे बिघडलं. ताई, मी पदवीचा कागद आणला त्या दिवशी अण्णांनी सगळ्या चाळीला पेढे वाटले होते. आपल्या घरातली पहिली, म्हणून. त्या कागदाचा हा उपयोग ठरला होता का? अंतरपाट म्हणून तुम्ही सगळ्यांनी मलाच मध्ये धरलंत.

हे खोटं आहे, असं एका ओळीचं पत्र मला पाठव. मी माईवर अविश्वास दाखवायला तयार आहे.

वृंदा


॥ श्री ॥
बदलापूर, ता. ९ मार्च १९५५

चि. वृंदास आशीर्वाद.

खोटं नाही. बनूवन्संना चौदाव्या वर्षी मुदतीचा ताप आला, त्यानंतर डाग उठला. आधी शेंगदाण्याएवढा होता. बावचीचं तेल झालं, उपास झाले, शिवमंदिरात सोळा सोमवार झाले. दोन स्थळं आली. पहिल्यांनी चहाचा कप अर्धा ठेवून चपला घातल्या. दुसऱ्यांनी मामंजींना विचारलं, हा रोग घरात आणखी कोणाला आहे. तेव्हापासून मामंजी दुपारी पारावर बसायला जात नाहीत.

तुला फसवलं हे खरं. तुझा चेहरा आरशासारखा आहे; तुला माहीत असतं तर तुला ते शब्द बोलताच आले नसते. म्हणूनच सांगितलं नाही. पाहण्याच्या दिवशी केस पुढे ओढले, पावडर लावली, कुंकू आडवं लावलं. लग्न लागेपर्यंत निभावलं की झालं. एकदा सप्तपदी झाली की चांगल्या घरचा माणूस बायकोला टाकत नाही, आणि हरिचंद्रराव चांगले आहेत हे तूच सांगतेस.

तू काही करायचं नाहीस. फक्त गप्प राहायचं. एवढं एका मुलीसाठी करता येणार नसेल, तर या घरात मी तोंड कसं दाखवीन त्याचा विचार कर.

माया कर म्हणून या वेळी सांगत नाही, भीक मागते.

तुझी,
पद्मजा


॥ श्री ॥
अंबरनाथ, ता. ११ मार्च १९५५

प्रिय बनू हिस,
वृंदाताईचे आशीर्वाद.

तुझ्या कपाळाबद्दल मला कळलं आहे. तू नेहमी केस भुवयांवर ओढून बसायचीस, ती मला नवी फॅशन वाटायची. माझ्या डोळ्यांची मला लाज वाटते.

उल्हासनगरच्या कॅम्पातल्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांना मी विचारलं. कोड एकापासून दुसऱ्याला लागत नाही, त्यानं प्रकृतीला धोका नाही. मग लपवायचं काय? खोट्यावर उभा केलेला संसार टिकत नाही, असं मला मनापासून वाटतं. हरिचंद्र मास्तरांना मी सगळं सांगणार आहे. ते समजूतदार आहेत. नसतील, तर आधी कळलेलं बरं.

तुझं मन मोठं आहे, तू मला समजून घेशील. लोभ असू दे.

तुझी,
वृंदाताई


॥ श्री ॥
बदलापूर, ता. १५ मार्च १९५५

ती. वृंदाताईस,
बनूचा सा. न. वि. वि.

माझं अक्षर चांगलं नाही, मी सातवीपर्यंतच शिकले. तरी कोणाकडून लिहवून न घेता स्वतः लिहिते आहे.

तुम्ही वहिनीला विचारलंत, माईंना विचारलंत, डॉक्टरीणबाईंनासुद्धा विचारलंत. कपाळ माझं आहे. मला शेवटी कळवलंत, आणि तेही ठरवून झाल्यावर. घरातल्यांनी लपवायचं ठरवलं तेव्हा मला विचारलं नाही, तुम्ही सांगायचं ठरवलंत तेव्हाही नाही. दोन्हीत मला काही फरक दिसला नाही.

खरं बोलून तुम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत जाल. मी याच ओसरीवर बसेन. पहिली दोन स्थळं मोडली तेव्हाही कोणीतरी खरंच बोललं होतं.

पण एक सांगते. बाशिंग घरी आलंय. परवा वहिनीनं बांधून पाहिलं. मला माझ्या पायांची बोटं तेवढी दिसली. बघायला आले त्या दिवशीही मान वर करायची नाही असं बजावलं होतं, म्हणून त्यांचे मी मोजे पाहिले आहेत, उजव्याला अंगठ्यापाशी भोक होतं. माझं तोंड त्यांना दिसू नये म्हणून सगळं घर राबतंय. त्यांचं तोंड मला दिसलं नाही, हे कोणाच्या ध्यानातच आलेलं नाही.

बोलायचं असेल तर माझ्यामागे बोलायचं नाही. मला समोर उभी करा. दिवसा. मी येईन.

मोठ्यांना उलट लिहिल्याबद्दल क्षमा करावी, पण खोडून लिहीत नाही.

बनू


॥ श्री ॥
अंबरनाथ, ता. २१ मार्च १९५५

ती. सौ. पद्मजाताईस,
वृंदाचा सा. न. वि. वि.

काल सकाळी मी तुझ्या घरी आले आणि बनूला देवदर्शनाला नेते म्हणून सांगितलं. तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस आणि तिला केस चापून बसवायला तेल दिलंस. तुला कळलं होतं की नाही ते मी विचारणार नाही. पण पुढे काय झालं ते माझ्या हातचं तुझ्याकडे असावं, म्हणून लिहिते.

हरिचंद्र मास्तरांना मी भर दुपारी शिवमंदिरामागे, नदीच्या बाजूला बोलावलं होतं. बनू आधी पाण्याशी गेली, तिनं तोंड खसाखसा धुतलं, पदरानं पुसलं आणि केस मागे सारून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. कुंकूही धुऊन गेलं होतं. मी बाजूला होऊ लागले, तर तिनंच माझा हात धरून ठेवला.

मास्तर पाहत राहिले. मी जमिनीकडे पाहत होते. मग त्यांनी विचारलं, उन्हात आग होते का. ती म्हणाली, होते. तेव्हा ते सरकून अशा बाजूला उभे राहिले की त्यांची सावली तिच्या तोंडावर पडावी. म्हणाले, वडिलांना मी स्वतः सांगेन, ते चार दिवस बोलणार नाहीत आणि मग बोलतील. माझ्याकडून तारीख तीच.

ताई, मला वाटलं आता बनू रडेल. मीच रडायच्या बेतात होते. पण ती मान वर करून त्यांच्याकडे निरखून पाहत होती, एखादं कापड घ्यायच्या आधी पाहतात तशी. आणि म्हणाली, "मी तुम्हाला आज पहिल्यांदा पाहते आहे. मला आठ दिवस द्या."

मास्तर आधी गोंधळले, मग कान लाल होईपर्यंत हसले आणि घ्या म्हणाले. तेव्हा आता होय-नाही तिच्याकडे आहे. मामंजींना ती स्वतः सांगणार आहे. तू मध्ये पडून तिच्या वतीनं बोलू नकोस, एवढंच मागते. मीही बोलणार नाही. हे मला तिच्या पत्रानं शिकवलं.

इथं पत्र संपवता आलं असतं. बनूला घेऊन मी निघाले होते, मास्तर माझे आभार मानत होते. तुमच्यामुळे खरं कळलं, म्हणाले. त्यांना वाटलं, मलाही आदल्या दिवशीच कळलं असावं. मी गप्प बसले असते तर शाळेत माझा मान होता त्याहून वाढला असता. बनूनं माझ्याकडे पाहिलं.

मी त्यांना सांगितलं, की मला पाच तारखेपासून माहीत होतं. या पंधरा दिवसांत रोज तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून चहा प्यायले. तुम्ही बाशिंगाबद्दल पुन्हा विचारलंत, तेव्हा मी वह्या तपासायचं नाटक केलं.

ते हसायचे थांबले. म्हणाले, "बनूबाईंवर माझा राग नाही. तुमच्यावर आहे." मग टोपी घातली आणि देवळाच्या पायऱ्यांकडे वळले. आज शाळेत त्यांनी खुर्ची खिडकीजवळ नेऊन ठेवली आहे. दुपारी त्यांच्या वडिलांचा पत्ता मी कारकुनांकडून घेतला, मुलगी निर्व्यंग आहे हा माझा शब्द मी परत घेते असं माझ्या नावानिशी लिहिलं आणि ते पत्र पेटीत टाकून आले.

माईला व अण्णांना अजून ठाऊक नाही. राग येईल तेवढा येऊ दे, पण पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझी,
वृंदा