जोडवाट

ता. १२ नोव्हेंबर

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोनच ओळी असल्यामुळे वाचायला काही त्रास झाला नाही. त्यातली एक हवेबद्दल होती. बायको गेल्यापासून तू बोलणं कमी केलंस हे समजतं, पण शाई तरी खर्च करत जा.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ठकी सोबत होती म्हणून सगळं खरं सांगितलं गेलं. एकटी असते तर थेंब लिहून देऊन वाटेला लावलं असतं. काचबिंदूने डावा डोळा नेला तो नेलाच. उजव्याची नजर चारी कडांनी आत आत येते आहे. वर्षभर पुरेल, कदाचित कमी, असं म्हणाले. गेलेलं परत यायचं नाही. यात रडण्यासारखं होतं तेवढं आम्ही मायलेकींनी परतीच्या वाटेवर उरकून घेतलं.

आता कामाचं. जन्मभर मान खाली घालून लोकांचे कपडे शिवले. नजर आहे तोवर एकदा मान वर करून लांबवर बघायचं आहे. यात्रेच्या वाटेवर डोंगराच्या धारेवरून समुद्र पहिल्यांदा दिसतो ना, ती जागा. गेल्या वर्षी शेजारणीबरोबर मोठ्या वाटेने निघाले होते, पण डावीकडून येणारी माणसं दिसेनात. धक्के खाऊन अर्ध्यावरून परतले. तू सुट्टीच्या दिवशी डोंगर तुडवत असतोस. कमी माणसांची एखादी वाट शोध आणि मला घेऊन चल.

ठकीचा तुला नमस्कार. मोठं पत्र लिहिशील तर मी आहेच तुझी.
ताई

*

ता. ३० नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रंगवायला घेतलेले दुकानांचे दोन फलक अर्धवट टाकून हे लिहितो आहे, त्यामुळे पुढच्या पत्रात दुकानदारांच्या शिव्यांचा वाटा तुलाही पाठवीन.

तू एक वाट मागितलीस, मी तीन काढल्या आहेत. नदीकाठची, डोंगरधारेची आणि किनाऱ्याची. तिन्ही जुन्या, तिन्हींच्या शेवटी लहानसं देवस्थान, आणि तिन्हींवर आसपासच्या गावांतली चार माणसं सोडली तर कुणी नसतं. या तिन्ही जोडून एकच लांब यात्रा होते हे आजवर कुणाला सुचलेलं नाही. मला सुचलं. ही फुशारकी नाही, मी चौकशी केली आहे.

आता नीट वाच. धारेची वाट जुने लोक किनाऱ्याच्या बाजूने चढून नदीच्या बाजूला उतरतात. तसं आलं तर धारेवर दरी डाव्या हाताला राहते, म्हणजे तुला न दिसणाऱ्या बाजूला. म्हणून आपण उलटं जायचं. दरी उजवीकडे येईल, सकाळचं ऊन पाठीवर राहील, आणि चढ संपताच समुद्र थेट समोर. धारेवरच्या पायऱ्यांत तीन जागा अशा आहेत की पायरीची कड आणि सावली एकाच रंगाची दिसते. तिथे कडेला पांढरा पट्टा मारून आलो आहे. रंग माझा, परवानगी कुणाचीच नाही.

अडचण एकच. नदीची वाट संपते आणि धारेची सुरू होते त्यांच्यामध्ये दगडाची खाण आहे आणि तिला तारेचं कुंपण. खाणीच्या व्यवस्थापकाशी बोलणं चालू आहे. कुंपणाच्या कडेने पायवाट सोडा एवढंच मागणं आहे. ती मिळाली की निघालोच.

गुडघ्यांची काळजी घे. तुझा राग आणि माया दोन्ही मला पुरवत राहा.
तुझा
भाऊ

*

ता. ८ जानेवारी

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पत्रं ठकी आल्यागेल्याला दाखवते. मामा वेडा झाला आहे असं ती म्हणते, पण फार कौतुकाने. पाण्याच्या टाक्या, बसायचे दगड, कुत्रं कुठलं चावतं आणि कुठलं नुसतं भुंकतं, सगळं कळलं. एका देवस्थानच्या पाटीवरचा काना वाकडा आहे म्हणून तू पुजाऱ्याशी वाद घातलास हेही कळलं. तुझं नाव काना-मात्रा ठेवलं त्या शाळेतल्या मास्तरांना अजून दुवा देते.

पण भाऊ, खाणीपुरतं गाडीत बसलो तर काय बिघडतं? अलीकडे चढू, पलीकडे उतरू. देव काही खाणीच्या फाटकावर हजेरी घेत बसलेला नाही. फेब्रुवारीत निघू या. माझी तयारी झाली आहे. चालायचे बूट घेतले, घरात घालून फिरते, खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारून गेले.

उत्तर लवकर धाड. लवकर म्हणजे तुझ्या नव्हे, माझ्या हिशेबाने.
ताई

*

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गाडीत बसलो तर तीन सहली होतील, एक यात्रा होणार नाही. मी जोडवाट म्हणतो ती जोडलेली असली पाहिजे. तू बाहीचा सांधा टाचणीवर सोडून गिऱ्हाइकाला कपडा दिला आहेस का कधी?

व्यवस्थापक बदलला आहे. नव्याने पहिल्यापासून ऐकून घेतलं आणि वरिष्ठांना विचारतो म्हणाला. एप्रिलपर्यंत होईल.

तू घाई करतेस त्यामागची भीती मला कळते, पण ती निराधार आहे हे मी पुराव्याने सांगतो. अक्षर हा माझा धंदा आहे. माणसाची नजर कमी झाली की आधी ओळ खाली घसरते, मग अक्षरं मोठी होतात, मग वेलांट्या शेजारच्या अक्षरावर बसतात. तुझं जानेवारीचं पत्र मी नोव्हेंबरच्या पत्राशेजारी ठेवून पाहिलं. जानेवारीतली ओळ जास्त सरळ आहे. डॉक्टर काहीही म्हणोत, तुझा उजवा डोळा अजून वर्षभर कुठे जात नाही. निश्चिंत राहा.

ठकीला सांग, मामा शहाणा आहे. तुझं लक्ष माझ्यावर आहेच, ते तसंच असू दे.
भाऊ

*

ता. २० मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. रागावलात तर माझ्यावर रागवा.

आईला आता दिसत नाही. उजेड आहे की अंधार एवढं कळतं. जानेवारीत तिने तुम्हाला लिहिलं तेव्हा कागदावरचं अक्षर तिला दिसत नव्हतं. शिवणकामाची लाकडी पट्टी ती कागदावर आडवी ठेवते, पट्टीच्या कडेने लिहिते, ओळ संपली की बोटाच्या मापाने खाली सरकवते. म्हणून ओळ सरळ आली, मामा. हात तिचे तुम्हाला माहीतच आहेत. मी फक्त कागद सुलटा आहे ना एवढं सांगायचे. एकदा मी घरी नव्हते आणि पेनातली शाई संपली, तर तिने पाऊण पान कोरंच लिहून ठेवलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही. जेवढं हाताला आठवलं तेवढं तिला पुन्हा लिहायला लावलं.

तुम्हाला का नाही कळवत असं मी भांडून विचारलं. ती म्हणाली, मामी गेल्यापासून त्याची पत्रं दोन ओळींची यायची, आता पानंच्या पानं येतात, ती मला बंद करायची नाहीत. फेब्रुवारीत यावंत म्हणून तिने लिहिलं तेव्हा अक्षर दिसत नसलं तरी मधोमध लांबचं अजून थोडं दिसत होतं. तुमचं उत्तर मी तिला वाचून दाखवलं. निश्चिंत राहा हे वाचताना माझा आवाज फिरला, तर पुढचं नीट वाच म्हणाली.

आता काय करायचं ते तुम्हीच सांगा. आमच्यावर लोभ आहेच, म्हणून हे धाडस.
तुमची
ठकी

*

ता. २६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ठकीने कळवलं. तिला बोलू नकोस.

खाणीची परवानगी काल आली. उपयोग नाही. मी जोडवाट सोडून दिली आहे. समुद्र तुला दाखवायचा होता, तोच राहिला. मग नुसतं चालून काय मिळवायचं?

अधिक लिहवत नाही. जमलं तर क्षमा कर.
भाऊ

*

ता. ३ एप्रिल

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद. मजकूर माझा, अक्षर ठकीचं, तेव्हा चुका तिच्या नावावर धर.

पुन्हा चार ओळी लिहिल्यास. एवढ्यासाठीच मी गप्प बसले होते.

डोळे माझे गेले आणि यात्रा तू सोडलीस, हे बरं आहे. मला रडायचं असतं तर घरात जागा आहे. रात्री उठून दिवा लावायला जाते, मग आठवतं. पण बूट घेतले आहेत आणि पाय शाबूत आहेत. दरी उजवीकडे ठेव, डावीकडे ठेव, आता मला दोन्ही सारख्याच. तुझ्या त्या धारेवर मला उभं कर. बघून काय दिसतं ते तू सांग. तुझ्याइतकं नेमकं सांगणारा मला दुसरा कोण मिळणार? तुला खोटं बोलता येत नाही हा तुझा दोष आता माझ्या उपयोगी पडू दे.

एप्रिलअखेर ठकी मला गाडीत बसवून देईल. घ्यायला ये. येताना तोंड पाडून येऊ नकोस, ते मला दिसलं नाही तरी कळेल.
ताई

*

ता. ४ मे

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

धारेपलीकडच्या धर्मशाळेतून लिहितो आहे. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या आईच्या टाचेला फोड आला आहे. बुटाचा दोष नाही, मोज्याची शिवण कच्ची आहे, असं तिचं मत आहे.

नदीकाठी ती माझा दंड धरून चालली. मी सुरुवातीला प्रत्येक झाड सांगत होतो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली की जरा रेडिओ बंद कर, मला पाणी ऐकायचं आहे. खाणीशी पोचलो तर परवानगीची पायवाट आदल्या दिवशीच्या सुरुंगात दगडांखाली गेलेली. एका ट्रकवाल्याने तिला पुढे बसवलं, मला मागे खडीवर. उतरताना तिने त्याच्या बाहीला हात लावून खांद्याचा सांधा चुकीचा जोडला आहे असं सांगितलं, आणि तो मान्य करून गेला. ज्या तुकड्यासाठी मी हिवाळाभर अडून बसलो, तो मला खडीवर धड बसायला जागा सापडण्याआधी मागे पडला.

आज धारेवर चढलो. ती छान चढली. पण वर पोचेपर्यंत समुद्रावरून धुकं चढून आलं. हातातल्या काठीचं टोकसुद्धा मला दिसेना. वारा आला तिकडे तिने आपणहून तोंड केलं आणि विचारलं, समोर आहे का? मी म्हणालो, ताई, धुकं आहे, मलाही काही दिसत नाही.

तिने माझा हात शोधून त्यावर थोपटलं. म्हणाली, जन्मात कुणाचं मन राखायला खोटं बोलला नाहीस, आता माझ्यासाठी शिकलास होय. मी पुन्हा सांगितलं, खरंच धुकं आहे. ती म्हणाली, बरं, धुकं. लहानपणी शाळा चुकवायला मी पोट दुखतं म्हणायचो, तेव्हा ती बरं म्हणायची ते हेच.

आम्ही पुष्कळ थांबलो. धुकं हललं नाही. नंतर तिने हळूच विचारलं, निळा कुठला आहे, एवढंच सांग. निळा रंग मी माझा मी घोटतो, त्याच्या किती जाती ते तुला ठाऊक आहे. त्यातल्या एकीचंही नाव मला घेता येईना. मग ती म्हणाली, राहू दे, तुला त्रास होतो आहे.

इथे धर्मशाळा सांभाळणाऱ्या बाईंनी आम्हाला चहा दिला आणि आपणहून म्हणाल्या की आज वर काही दिसलं नसेल, सकाळपासून धुक्याने डोंगर गिळला होता. माझ्या जिवात जीव आला. तुझ्या आईने त्यांचे आभार मानले. बाई आत गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, त्यांनाही पढवून ठेवलंस.

मी वाद घातला नाही. उद्या सकाळी किनाऱ्याच्या वाटेला लागतो. घरी आल्यावर ती तुला सांगेल की समुद्र लख्ख दिसत होता आणि मला वाईट वाटू नये म्हणून मामाने लपवला. तू हो म्हण.

आईची वाट बघत असशील, तशीच थोडी माझीही बघत जा.
तुझा
मामा