पाचवा सांधा

४ मार्च
आज पोरीच्या दुखण्याचा प्रकार ठरला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लहान मुलांचा संधिवात एकाच जातीचा नसतो. चार सांध्यांपर्यंत एक प्रकार, पाच किंवा जास्त असले की दुसरा. ताप आणि पुरळ घेऊन येतो तो आणखी वेगळा."

लाकडाची प्रतवारी लावावी तसं! मी सुतार आहे, लाकूड मलाही कळतं. पण ही माझी सात वर्षांची पोर आहे.

दोन्ही गुडघे, डावा घोटा, उजवं कोपर. "चारच आहेत, सध्या पातळ औषध पुरे. पाचवा दिसला तर दर आठवड्याला सुई." बायको म्हणाली, "बरं झालं बाई." बरं काय झालं त्यात? पोर आपली बोटं मोजत बसली होती.

५ मार्च
आई म्हणते, "एवढ्याशा पोरीला कुठला संधिवात? वाढीचं दुखणं ते." रोज सकाळी पोर भिंत धरून उठते ते हिला दिसत नाही? वाट्टेल ते बोललो. आई जेवली नाही.

११ मार्च
शाळेत खेळाचे सर म्हणाले, "दुपारी तर पळते की! बरोबर सकाळीच कसं दुखतं?" अरे गाढवा, सकाळी सांधे आखडणं हाच तर आजार आहे! तिथे गिळलं, इथे लिहितोय.

२० मार्च
पोरीने पुन्हा कप फोडला. अक्षर तर कोंबडीचे पाय! "हातात जीव नाही का?" म्हणून ओरडलो. "निसटला, बाबा," एवढंच म्हणाली. आजारी आहे म्हणून किती लाड करायचे?

२ एप्रिल
तपासणी. डॉक्टरबाईंनी उजवं मनगट दाबलं. "दुखतं?" पोर हसून "नाही" म्हणाली. तरी बाई म्हणतात, सुजल्यासारखं वाटतंय, सोनोग्राफी करू, प्रकार बदलावा लागेल कदाचित. माझं डोकंच फिरलं. महिन्यापूर्वी ठरलेला प्रकार आज बदलणार? "ती नाही म्हणतेय ना! चार म्हणजे चार." बाहेर बसलेले सगळे आत डोकावायला लागले. पोरीचा हात धरून तिला ओढतच बाहेर आणलं.  बायको मागोमाग आली.

३ एप्रिल
सकाळी पोर हळूच जवळ आली. "बाबा, काल तू धरलास ना, तोच पाचवा आहे. कुणाला सांगू नकोस हं. सुई देतील, आणि तू परत चिडशील."