एक घोट ऑसू

प्रिय आई,
न्यूझीलंडमधल्या लोअर हटहून तुझ्या गौतमीचा सप्रेम जय भीम.

हे पत्र दादाकडून वाचून घेऊ नकोस. अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत, सावकाश तूच वाच.

मी बरी आहे. थंडी आहे, पण तुझी गोधडी पुरते. तुझे गुडघे कसे आहेत? बेदाण्याच्या शेडमध्ये बसायला पाट नेतेस ना?

रविवारी ऑफिसातल्या इलोनाकडे जेवायला गेले होते. ती हंगेरीची. जेवणानंतर तिने इवल्या ग्लासात मधाच्या रंगाचं काहीतरी ओतलं आणि म्हणाली, "ऑसू." मी ऐकलं, आसू! "कोणाचे?" म्हटलं. ती हसतच सुटली. वेलीवरच सुकलेल्या, बुरशी धरलेल्या द्राक्षांची ती गोड वाईन. तिची आजी तसा एकेक मणी हाताने वेचायची. तू तसेच मणी निवडून फेकतेस, नाही का?

"गारच घ्यायची. आधी वास, मग छोटा घोट तोंडात घोळव. घाई नको," ती म्हणाली.

विहारात तुझ्याशेजारी बसून घेतलेलं, दारूला न शिवण्याचं पाचवं शील मला आठवत होतं. इकडे यायला निघताना वस्तीतल्या मुलींना व्यसनावर भाषणही मीच दिलं होतं. तरी एक घोट घेतला. आवडला, हेच जास्त खुपतंय. तेव्हापासून कामात लक्ष नाही. दोनदा तुला सांगायला फोन केला आणि भाजी काय केलीस एवढंच विचारलं.

पत्र वाचून झालं की नुसता मिसकॉल दे. रागावली असलीस तरी दे. मग फोनवरच पंचशील घेऊ. पाचवं तू आधी म्हण, मी मागून म्हणेन.

तुझीच,
गौतमी