होडीत बाई नको

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ओहोटी लागली की मी हातातलं काम टाकून खाडीकडे तोंड करून उभी राहते. पोरं हसतात. हसू देत. चिखल उघडा पडला की तू टोपली कमरेला लावून निघायचीस, मी मागून, आणि तुझं सुरू व्हायचं, "नीट चाल गं. पाय रुतला त खेचाचा नाय, आरवी पराचा." आडवं पडलं की चिखल पाय सोडतो. एकदा मी ऐकलं नाही, गुडघ्यापर्यंत गेले, तर आधी बाहेर काढलंस आणि मग त्याच चिखलाच्या हाताने पाठीत धपाटा घातलास. कळव्याच्या आपल्या सगळ्या बायका अशाच चिखल तुडवत शिंपल्या, चिंबोऱ्या आणायच्या. होडीत बाई बसली तर जाळ्यात मासळी येत नाही, असं गावचं म्हणणं. तीच मासळी बाजारात विकायला मात्र बाईच लागायची, तेव्हा काही अडत नव्हतं.

लांबच्या पट्ट्यातली तिवराची झाडं, चिंबोऱ्यांची घरंच ती, लोकांनी जळणाला तोडली, वरून कंपन्यांचं पाणी आलं, चिंबोऱ्या गेल्या. पुरुष ओट्यावर बसून खाडी मेली म्हणायचे. तू म्हणालीस, तिवरं परत लावू, आणि बायका जमवल्यास. दुधाच्या पिशव्यांतून कोंब वाढवलेस, अंगणात मला दहावीच्या अभ्यासाला जागा उरली नाही. पण रोपं तिथवर न्यायची कशी? म्हणून तू पंचांच्या बैठकीत गेलीस. बायका तिथे दाराबाहेर उभ्या राहायच्या. तू आत जाऊन सतरंजीवर बसलीस. मला ती बैठक आत्ता दिसते. तू सांगतेस, "रोपा लावाला आमाना होरी द्या. भरती आली त चिखलान बाया मरतील." पंच हसतात. "खाडी सुधरवाला निंगाल्या. होरीन बाय नको." बा पण तिथेच, स्वतःची होडी असलेला, खाली मान घालून तंबाखू मळत राहतो. घरी येऊन तू भाकऱ्या अशा थापल्यास की आळीला कळलं असेल.

मग तुम्ही चालतच जायला लागलात. त्या दिवशी उधाण होतं. मी धक्क्यावर उभी. पाणी भराभर चढतंय. तू बायकांना पुढे पिटाळतेस, मागे राहिलेल्या म्हातारीला ओढून काढतेस आणि स्वतः कमरेपर्यंत रुततेस, वर पाणी, आडवं पडायची सोय नाही. मी धावत ओट्यावर पंचांबरोबर बसलेल्या बाकडे जाते. होडी समोरच बांधलेली. "बा, आय अरकली, होरी सोर." आणि बा आधी पंचांकडे बघतो. तेवढंच, आये. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ असेल, पण तो माझ्यासाठी अजून संपलेला नाही. तुला आणलं ते होडीतूनच. तेव्हा होडीत बाई नको, असं कुणी म्हणालं नाही.

तुझ्या बाराव्यानंतर बायकांनी कुणाला विचारलं नाही. टोपल्या घेऊन सरळ होडीत जाऊन बसल्या, बाने वल्हं त्यांच्या हातात दिलं. आता बायकांच्या मंडळाची अध्यक्ष मी आहे. कुठे काय लावायचं ते बायका ठरवतात, पुरुष सांगितलेल्या वेळेला येतात. तिवरं डोक्यावर गेली, चिंबोऱ्या मिळायला लागल्या. फक्त तू रुतलीस तो तुकडा अजून मोकळा आहे. लावलेलं रोप तिथे धरतच नाही. होडी तिथून जाताना मला मागून कुणीतरी चिखलातून पाय उपसल्याचा आवाज येतो. मला भीती वाटते गं, तूच असलीस तरी. मी वळून बघत नाही.

दरवर्षी तुझ्या नावाने कार्यक्रम असतो. माझ्या आईने खाडीसाठी जीव दिला, असं मी माईकवरून सांगते आणि टाळ्या पडतात. साफ खोटं आहे. तू जीव द्यायला गेली नव्हतीस, संध्याकाळी येऊन कालवण करणार होतीस. होडी दिली नाही म्हणून तू गेलीस. पण बा पहिल्या रांगेत बसलेला असतो, म्हातारा झालाय, आणि माझी जीभ रेटत नाही. म्हणून ते इथे लिहिलं. आता हे कागद मी तांदळाच्या डब्यात खाली दडवणार आहे. बाला वाचता येत नाही, तरीसुद्धा.