दारावरचा लिंब

१७ जानेवारी १९७२, सोमवार

काल रात्री साखर कारखान्यात ह्यांना गव्हाणीपाशी डुलकी लागली. ऊस जिथून साखळीवर चढून चरकात जातो, ती गव्हाण. पाळीतल्या बन्सीने सदऱ्याला धरून मागे ओढलं म्हणून हात शाबूत आहे. सांगायलाही बन्सीच आला – हे स्वतः सांगतील तर शपथ! फोरमन म्हणाला म्हणे, "कानिफनाथ, पुन्हा डोळा लागला तर घरी बसायचं." हात घेऊन घरी की हात देऊन, तेवढं नाही म्हणाला.

महिनाभर रात्रपाळीच आहे, बारा ते आठ. सकाळी येतात, नऊला अंथरुणावर पडतात, आणि नुसते पडून राहतात.

१८ जानेवारी, मंगळवार

खोलीत अंधार केला. लढाईत नगरला खिडक्या झाकायला काळा कागद आणला होता, त्यातला उरलेला माझ्या भावाने सावेडीहून पाठवला. तो खिडकीला डकवला. कौलांच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराला गोधडी लावली. आत आपलाच हात आपल्याला दिसेना. मी खूष.

हे म्हणाले, "अंधार झाला. पण कान कुठं काढून ठेवू?"

खरं आहे. भिंतीपलीकडे रतनबाई. दहाला मिरच्या कुटते, अकराला नळावर भांडते, बाराला नवऱ्याला – कारभारींना – जेवायला हाक मारते ती शेवगावच्या बाजारात ऐकू जावी अशी. शिवाय कामगारांच्या या लायनीतली पोरं, कल्हईवाला, बोहारीण.

२० जानेवारी, गुरुवार

रतनबाईला सांगायला गेले, जरा हळू कुटा, हे झोपलेत. "आन आमी खायाचं काय, मुक्ते? दिसाउजेडी निजायचं आसतं व्हय मान्सानं? दळिंदर येतंय घरात."

तीन तास झोप, तीही तुकड्या-तुकड्यांनी. रात्री डबा देताना मी त्यांच्या हातांकडेच बघत होते. फार भीती वाटते.

२१ जानेवारी, शुक्रवार

आज केलं ते फक्त इथे लिहिते. पहाटे लिंबाचा डहाळा तोडला आणि दारावर बांधला.

कुणाला एक शब्द बोलले नाही. बोलावं लागतच नाही. दारावर लिंब आणि खिडकी बंद, म्हणजे आत कुणाला तरी देवी आल्यात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. नळावर छबूबाईने हळूच विचारलं, "पुष्पीला का गं?" पुष्पा माझी चार वर्षांची. तिचं नाव घ्यायला जीभ धजली नाही. मान मात्र खाली गेली.

पुष्पाला घरातच कोंडून ठेवली आहे. बापाच्या उशाशी बसून अंधारात बाहुली निजवते. तिला हा खेळच वाटतो.

हे म्हणाले, "देवीशी खेळतेस?" – आणि बोलता बोलता झोपले.

२२ जानेवारी, शनिवार

सहा तास! सलग. घोरलेसुद्धा.

२४ जानेवारी, सोमवार

रतनबाईने उखळ उचलून पार मारुतीच्या देवळापलीकडे नेलं. तिथे उन्हात बसून कुटते. कल्हईवाल्याला कोपऱ्यावरूनच परत धाडलं. रोज सकाळी माझ्या उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवते, त्यात लिंबाची पानं, शेजारी दहीभात. आत येत नाही. उंबऱ्याला डोकं टेकवते आणि जाते. मी गोधडीआडून बघते.

आणि तिच्या घरातून फोडणीचा वास येत नाही. देवी आलेल्या घरात फोडणी द्यायची नसते, देवी कोपते – हे मलाही ठाऊक आहे. मीही देत नाही, सोंग आणलं तर पुरतं आणावं. पण तिने का बंद करावी? कारभारी नळावर कुरकुरत होते, "चार दिस झालं, नुस्तं उकडलेलं खातुया."

२६ जानेवारी, बुधवार

शाळेची पोरं झेंडावंदन करून जयजयकार करत आली ती कोपऱ्यावरच गप्प झाली. रतनबाई काठी घेऊन उभी. हे साडेसहा तास झोपले. तोंडावर तजेला आलाय. फोरमन काल म्हणाला, आता बरा दिसतोस.

संध्याकाळी छबूबाईकडून कळलं. मी या लायनीत यायच्या आधीची गोष्ट. रतनबाईला एकच मुलगा होता, गोरख. पाच वर्षांचा. त्याला देवी आल्या होत्या. कारभारी पाळीवरून भुकेले आले, बिनफोडणीचं खाईनात, म्हणून तिने आमटीला फोडणी दिली. त्याच रात्री पोरगा गेला. "तवापास्नं म्हन्ती, म्याच मारला."

 लाज वाटते. उद्या डहाळा काढते.

२७ जानेवारी, गुरुवार

काढला नाही. हे गाढ झोपले होते.

२८ जानेवारी, शुक्रवार

देवीडॉक्टर आला – गावोगाव लस टोचत फिरतो तो. कुणीतरी वर्दी दिली. रतनबाई आमच्या दारात आडवी झाली. "आई पाहुनी आल्यात. हितं सुई चालायची न्हाई." तो बिचारा शांतपणे म्हणाला, मला फक्त पोरगी बघू द्या. देवी असतील तर घरातल्या कुणीच तीन आठवडे बाहेर पडायचं नाही. कामावरही नाही.

तीन आठवडे! ज्या नोकरीसाठी हा उद्योग केला तीच जाणार. गोधडी सारली आणि पुष्पाला कडेवर घेऊन बाहेर आले. पोरीने उजेडाने डोळे मिटले. मी म्हणाले, हिला काही झालेलं नाही. ह्यांना झोप लागावी म्हणून मीच लिंब बांधला.

कुणी हसलं. छबूबाईने तोंडाला येईल ते ऐकवलं, ते मी ऐकून घेतलं. रतनबाई मात्र जवळ आली. तिने पुष्पाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. कपाळ बघितलं, गाल, कानामागे, मान. मग आपल्या घरात गेली आणि आतून कडी लावली.

डॉक्टरने लायनीतल्या सगळ्या पोरांना टोचलं. पुष्पालाही.

२९ जानेवारी, शनिवार

रतनबाईने चूलच पेटवली नाही. मी तिच्या दारावर थाप मारली. आतून म्हणाली, "जा बाय तू."

पोरांनी आज मुद्दाम आमच्या दाराशी दंगा केला. आयांनी त्यांना हटकलं नाही, आणि मी कुठल्या तोंडाने हटकू? हे दोन तास झोपले.

माफी मागायची तर कशाची, तेच कळत नाही. खोटं बोलले त्याची मागेन. पण गेले आठ दिवस तिने सगळे नेम पाळून एक पोर जगवलं होतं. ते मी तिच्याकडून काढून घेतलं. हे आधी का नाही सुचलं मला?

३१ जानेवारी, सोमवार

दोनच तास. रात्री जाताना ह्यांचा उंबऱ्यात तोल गेला.

१ फेब्रुवारी, मंगळवार

दहाला रतनबाई आली. हे आत नुकते पडले होते, दाराशी पोरांचा गोंधळ. "गप ऱ्हा रं. मानूस निजलंय." पोरं पांगली. माझ्याकडे तिने बघितलंच नाही. डोक्यावरची घागर उतरवली, अंगणात पुष्पाला लिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं, घडीचा एक सदरा काढून तिच्या अंगात घातला – पोराचा होता, गुडघ्यापर्यंत आला. दहीभाताचं ताट माझ्या हातात दिलं, पोरीला कडेवर घेतलं आणि मरीआईच्या देवळाकडे निघाली. पोर देवीतून उठलं की बोळवण करतात, तशी. छबूबाई आली, मग एकेक करून सगळी लायन मागे आली.

मला राहवेना. म्हणाले, "रतनबाई, हिला देवी आल्याच नव्हत्या हो."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "माज्या गोरखची ऱ्हायली हुती."

मी चपला तिथेच काढल्या आणि ताट घेऊन तिच्या मागे चालत राहिले.